सहा शेवंड आणि एक जीव



शेवंड हा प्राणी मुंबई-कोकणातल्या माणसाला नवा नाही. ससून डॉकला, वर्सोव्याला किंवा मालवणच्या बाजारात आपण तो पाहिलेला असतो आणि भाव ऐकून मुकाट्याने बांगड्याच्या पाटीकडे वळलेलो असतो. आपल्याकडे शेवंड जाळ्यात सापडतो, लिलावात जातो आणि पुष्कळदा बर्फात बसून परदेशी रवाना होतो. पण माणसाने स्वतः समुद्रात बुडी मारावी, खडकाच्या कपारीतून हाताने शेवंड काढावा, आणि तोही विकण्यासाठी नाही तर केवळ हौसेखातर, ही गोष्ट आपल्याला नवलाची वाटेल. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात मात्र दरवर्षी जुलैच्या अखेरीस हजारो माणसे हेच करण्यासाठी समुद्रावर लोटतात. त्यासाठी सरकारने त्यांना दिलेले असतात फक्त दोन दिवस. आणि अनेक वर्षी या दोन दिवसांत कुणाच्या तरी घरी शेवंडाऐवजी मृत्यूची बातमी जाते.

परदेशातल्या हौसेचा हा विषय आपल्या कौटुंबिक पानावर कशासाठी, असे कुणी विचारील. त्याला कारणे दोन. पहिले असे की, शिकून-सवरून नोकरीसाठी अमेरिकेत गेलेली आपली मुले-मुली आता तिथल्या मित्रांबरोबर सुट्टीत समुद्रावर जातात. विहिरीत किंवा तलावात पोहायला शिकलेला मुलगा समुद्रात बुडी मारायला निघतो, तेव्हा त्याच्या आईवडिलांना निदान काय विचारावे हे तरी ठाऊक असावे. दुसरे कारण सर्वांसाठी आहे. नियम कशासाठी असतो, हे या दोन दिवसांच्या हंगामाइतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते.

दोनच दिवस का?

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला 'फ्लोरिडा कीज' नावाची छोट्या बेटांची लांबच लांब माळ आहे. बेटांना जोडणाऱ्या पुलांवरून रस्ता थेट की वेस्ट शहरापर्यंत जातो. भोवती उथळ, उबदार पाणी आणि प्रवाळांचे खडक. तिथे राहतो तो काटेरी शेवंड. त्याला मोठ्या नांग्या नसतात. अंगावर काटे आणि पुढे दोन लांब, काटेरी मिशा हेच त्याचे शस्त्र. आपल्या मुंबईच्या काटेरी शेवंडाचा तो चुलतभाऊच म्हणावा. शास्त्रज्ञ दोघांनाही 'पॅन्युलिरस' याच गटात घालतात.

तिथला मुख्य हंगाम ६ ऑगस्टपासून ३१ मार्चपर्यंत असतो. व्यावसायिक कोळ्यांना आपले पिंजरे १ ऑगस्टपासून पाण्यात सोडता येतात. एकदा हे पिंजरे पडले की हौशी लोकांच्या वाट्याला काय उरणार, आणि दोघे एकाच पाण्यात उतरले तर भांडणे होणार. म्हणून १९७५ साली तोड काढण्यात आली. जुलै महिन्यात सलग येणारे शेवटचे बुधवार आणि गुरुवार हे केवळ हौशी लोकांसाठी राखून ठेवण्यात आले. यात एक बारकावा आहे. दोन्ही दिवस जुलैतच पडले पाहिजेत. २०२४ साली ३१ जुलैला बुधवार होता, पण गुरुवार ऑगस्टात जात होता. म्हणून त्या वर्षी हंगाम २४ आणि २५ जुलैला झाला.

तोड चांगली निघाली, पण तिच्या पोटातून एक नवी अडचण जन्मली. आठ महिन्यांचे काम माणूस सवडीने करतो, दोन दिवसांचे काम धावत करतो. बुधवारी हवा खराब असली, डोके दुखत असले, भाड्याच्या बोटीचे इंजिन कुरकुरत असले, तरी मन म्हणते, आज नाही गेलो तर वर्ष गेले. सुट्टी घेतली, हॉटेलचे पैसे भरले, चार तास गाडी चालवली, आता मागे कसे फिरायचे? घाई ही अशी येते. तिथल्या जवळजवळ प्रत्येक नियमाकडे पाहिले तर तो या घाईलाच लगाम घालणारा दिसतो.

मोजपट्टीचा न्याय

पाण्यात उतरण्यापूर्वी खाऱ्या पाण्यातील मासेमारीचा परवाना आणि त्यावर शेवंडासाठी वेगळी परवानगी लागते. १६ वर्षांखालील मुलांना परवान्यातून सूट आहे, परंतु संख्या आणि आकाराचे नियम त्यांनाही लागू. पाहुण्यालाही परवाना चुकत नाही. "मी तर दोन दिवसांसाठीच आलोय" ही सबब चालत नाही.

या दोन दिवसांत कीज बेटे ज्या मन्रो परगण्यात येतात तिथे, आणि शेजारच्या बिस्केन राष्ट्रीय उद्यानात, माणशी दिवसाला ६ शेवंड घेता येतात. फ्लोरिडात इतरत्र ही मर्यादा १२ आहे. काही जागा पूर्ण बंद आहेत. एव्हरग्लेड्स आणि ड्राय टॉर्टुगास या राष्ट्रीय उद्यानांत बारा महिने शेवंड धरता येत नाही. की लार्गोच्या जॉन पेनेकॅम्प प्रवाळ उद्यानात या दोन दिवसांपुरती बंदी असते. मन्रो परगण्यात या काळात रात्रीची बुडी मना आहे. तिथल्या खोदलेल्या कालव्यांत आणि लोकांच्या घरांच्या किनाऱ्यापासून ३०० फुटांच्या आतही बुडी मारता येत नाही. रहिवाशांच्या अंगणातल्या पाण्यात बोटी घुसवणाऱ्यांमुळे हा नियम करावा लागला.

सर्वांत महत्त्वाचा नियम आकाराचा. शेवंडाच्या डोके-छातीवरचे कवच ३ इंचांपेक्षा मोठे असले पाहिजे. डोळ्यांवरच्या दोन शिंगांच्या मधल्या कडेपासून कवचाच्या मागच्या कडेपर्यंत हे माप घेतात. मोजपट्टी प्रत्येक पाणबुड्याजवळ असलीच पाहिजे, आणि माप पाण्यातच घ्यावे लागते. बोटीवर आणून, सावलीत बसून, "घेऊ या का, थोडाच तर लहान आहे" असा विचारविनिमय करण्याची मुभा नाही. लहान असेल तर जिथे धरला तिथेच सोडायचा.

३ इंचच का? अंड्यातून निघालेले शेवंडाचे पिल्लू काचेच्या पातळ पानासारखे असते. ते कित्येक महिने उघड्या समुद्रात प्रवाहाबरोबर वाहत राहते. त्यातून वाचलेले थोडे उथळ पाण्यात येऊन गवतात आणि शेवाळात दडतात. तिथून ३ इंचांचे कवच व्हायला साधारण २ वर्षे लागतात. या मापाचा शेवंड प्रौढ होऊन वंश वाढवण्याच्या वयात आलेला असतो. ज्याला एकदाही संतती झालेली नाही त्याला उचलणे म्हणजे भांडवलातूनच खर्च भागवणे. असे दुकान किती दिवस चालेल, हे कुणालाही कळेल.

अंडी असलेल्या मादीला हात लावायचा नाही. तिच्या शेपटीखाली नारिंगी दाण्यांचा घड स्पष्ट दिसतो. त्यात लाखो अंडी असतात. ती अंडी खरवडून काढून मादी पिशवीत टाकणे हाही गुन्हाच. भाला, आकडा किंवा अंगाला भोक पाडणारे कुठलेही हत्यार चालत नाही, कारण भोक पडलेला शेवंड लहान निघाला तरी सोडून उपयोग नाही. शेवंड किनाऱ्यावर अखंड आणावा लागतो. समुद्रातच शेपटी तोडली तर माप तपासायचे कसे? नियम मोडणाऱ्याला दंड होतो आणि तुरुंगातही जावे लागू शकते. तपासणीला वन्यजीव आयोगाचे अधिकारी बोटीवर येतात आणि डॉक्टर असो की ड्रायव्हर, प्रत्येकाच्या पिशवीला तीच पट्टी लावतात.

धरण्याची रीतही या नियमांना धरूनच आहे. शेवंड दिवसा कपारीत बसतो आणि फक्त मिशा बाहेर ठेवतो. पातळ लांब काठी हळूच त्याच्या मागे नेऊन शेपटीला स्पर्श केला की तो पुढे सरकत बाहेर येतो. मग त्याच्या मागे जाळी धरायची आणि समोरून काठी दाखवायची. शेवंड घाबरला की शेपटी आपटून मागे उडी घेतो आणि नेमका जाळीत शिरतो. इथे बळाचे काम नाही. मिशा ओढणाऱ्याच्या हातात मिशा येते, शेवंड जातो. काट्यांमुळे हातमोजे हवेतच. कपारीत आंधळेपणाने हात घालू नये, आत चावरी मोरे ईल मासळीही असू शकते. प्रवाळावर तर मुळीच उभे राहू नये. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथला समुद्र इतका तापला की प्रवाळ पांढरे पडून मोठ्या प्रमाणात मेले. जे उरले आहे ते पायाखाली चिरडण्यासाठी नाही.

लाल झेंडा

पाण्याखालचा माणूस बोटीवरून दिसत नाही. वर आलेले डोके लाटांत नारळाएवढे भासते, आणि बोटीचा पंखा माणूस आणि नारळ यांत फरक करत नाही. म्हणून फ्लोरिडाच्या कायद्याने झेंडा सक्तीचा केला आहे. लाल चौकोन आणि त्यावर तिरपा पांढरा पट्टा. बोटीवर तो निदान २० गुणिले २४ इंचांचा आणि सर्वांत उंच जागी लावलेला असावा. पाण्यात ओढत नेण्याच्या तरंगत्या बोयावर तो निदान १२ गुणिले १२ इंचांचा असावा. टाकी न लावता नुसत्या नळीने श्वास घेत पोहणाऱ्यालाही हा नियम आहे.

उघड्या समुद्रात पाणबुड्याने झेंड्यापासून ३०० फुटांच्या आत राहावे. खाडीच्या तोंडाशी आणि बोटींच्या वाटेवर १०० फुटांच्या आत. तेवढ्याच अंतरात आलेल्या परक्या बोटीने वेग उतरवून अगदी संथ चालले पाहिजे. पाण्यात कुणी नसेल तेव्हा झेंडा खाली घ्यावा लागतो, हेही महत्त्वाचे. झेंडा कायमच फडकत राहिला तर लोक त्याकडे पाहणे सोडून देतात.

३०० फूट कागदावर पुष्कळ वाटतात. शेवंड एका कपारीतून दुसऱ्या कपारीत गेला, आपण त्याच्या मागे गेलो, आणखी एक मिशी दिसली, तिकडे वळलो, की हे अंतर कधी ओलांडले ते कळत नाही. मग माणूस वर येतो तो झेंड्यापाशी नव्हे, दुसऱ्याच कुणाच्या बोटीच्या वाटेवर.

श्वासाचा जमाखर्च

पाठीवरच्या टाकीला आपण सवयीने ऑक्सिजनचे सिलिंडर म्हणतो. बहुधा तिच्यात साधी हवाच दाबून भरलेली असते. ही हवा किती पुरेल याचा हिशेब सोपा आहे. समुद्रात दर ३३ फूट खोलीला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. वर ६० मिनिटे पुरणारी टाकी ३३ फुटांवर ३० मिनिटे पुरते आणि ६६ फुटांवर २० मिनिटे. त्यात शेवंडाच्या मागे धडपड करणारा माणूस भरभर श्वास घेतो, म्हणजे खर्च आणखी वाढला. भरलेल्या टाकीचा काटा साधारण ३००० वर असतो, आणि तो ५०० वर येण्याच्या आत माणूस बोटीवर परत आलेला असावा अशी शिस्त आहे. हंगामाच्या दिवशी लोक काट्याकडे पाहण्याऐवजी कपारीकडे पाहतात. दुर्घटनेची सुरुवात बहुधा तिथे होते.

हवा संपल्यावर माणूस घाबरून श्वास रोखतो आणि झपाट्याने वर येतो. हे सर्वांत घातक. ३३ फुटांवर फुप्फुसात भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होते. तिला बाहेर पडायला वाट दिली नाही तर फुप्फुस फाटते आणि हवेचे बुडबुडे रक्तावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतात. म्हणून टाकी घेऊन बुडी मारणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात, श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना मिनिटाला ३० फुटांपेक्षा जास्त वेग नको. संकटात कमरेचा वजनाचा पट्टा सोडून द्यायचा. आणि हातातली शेवंडाची पिशवीही सोडून द्यायची. ऐकायला हे सोपे वाटते. पण भरलेली पिशवी सोडायला हात तयार होत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे.

टाकी न वापरणाऱ्यांना वेगळा धोका आहे. खाली जास्त वेळ राहता यावे म्हणून काही जण आधी जोरजोरात दहा-वीस श्वास घेतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घे, अशी सूचना शरीराला देणारा तोच असतो. सूचना येत नाही, इकडे ऑक्सिजन संपत जातो, आणि माणूस कसलीही धडपड न करता पाण्यातच बेशुद्ध होतो. चांगल्या पोहणाऱ्या तरुणांचे असे मृत्यू होतात. जवळ जोडीदार असेल तर वाचण्याची संधी असते, एकट्याला नसते.

चाळिशी उलटलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस वर्षातून एकदा जुलैच्या उन्हात जड सामान उचलतो, प्रवाहाविरुद्ध पोहतो, आणि आदल्या रात्री मित्रांबरोबर प्यालेला असतो. हृदयावर एवढा ताण एकदम टाकणे बरे नव्हे. डॉक्टरी तपासणी हंगामाच्या पुष्कळ आधी करावी, आणि बुडीच्या दिवशी दारूला शिवू नये.

आणि परतीचे विमान. बुडीमुळे रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. अनेक बुड्या मारलेल्या माणसाने शेवटच्या बुडीनंतर निदान १८ तास विमानात बसू नये, असे पाणबुड्यांच्या सुरक्षेसाठी १९८० साली सुरू झालेली डॅन ही संस्था सांगते. गुरुवारी संध्याकाळी शेवटची बुडी आणि शुक्रवारी पहाटेचे विमान, हा हिशेब चुकीचा आहे.

बोटीवर थांबलेल्यांसाठी

भगिनींनो, पुष्कळदा नवरा किंवा भाऊ पाण्यात आणि आपण बोटीवर, असे चित्र असते. तेव्हा आपण नुसत्या प्रेक्षक नाही. बोट कधीही रिकामी सोडू द्यायची नाही. पाण्यात किती उतरले, वर किती आले, ही मोजदाद एकाने ठेवावी. माणसे जवळ असताना इंजिन बंद ठेवावे. संकटात रेडिओच्या १६ नंबर वाहिनीवर तटरक्षक दलाला हाक कशी मारायची, हे निघण्यापूर्वीच शिकून घ्यावे. कुठे जातो आणि किती वाजता परतणार, हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला लिहून द्यावे. आणि कुणी म्हणाले, "आज मला बरे वाटत नाही", तर त्याची थट्टा करू नये. एका बुडीला नाही म्हणायला पोहण्यापेक्षा जास्त धैर्य लागते.

इथे असलेल्या आईवडिलांनी फोनवर चारच प्रश्न विचारावेत. बुडीचे रीतसर शिक्षण घेतले का? जोडीदार कोण? झेंडा आहे का? परतीचे विमान कधीचे? मुलगा हसेल, हसू द्या. उत्तर मात्र घ्या.

आपल्या समुद्राची गोष्ट

आता कुणी म्हणेल, एका शेवंडासाठी एवढे कायदे कशाला? त्याचे उत्तर मुंबईच्याच समुद्रात आहे. इथे काटेरी शेवंडाबरोबर चपट्या अंगाचा, वाळूत राहणारा शेवंडही मिळत असे. १९७० आणि ८० च्या दशकांत ट्रॉलरच्या जाळ्यांत तो विपुल येई, काही वर्षे शेकडो टन. जाळ्याला लहान-मोठे कळत नाही, अंडी असलेली मादीही कळत नाही. सगळेच वर आले, सगळेच विकले गेले. १९९४ च्या सुमारास मुंबईच्या पाण्यातली ती मासेमारी जवळजवळ संपली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या ऱ्हासाची नोंद करून ठेवली आहे. पुढे २००३ साली केंद्र सरकारने निर्यातीसाठी किमान वजने ठरवली. मुंबईकडच्या काटेरी शेवंडासाठी ३०० ग्रॅम, चपट्यासाठी १५० ग्रॅम. नियम आला, पण वाळूतला शेवंड गेल्यानंतर आला. त्याची झळ हौशी माणसाला बसली नाही. ज्याची चूल त्या जाळ्यावर पेटत होती, त्याला बसली.

फ्लोरिडाचा समुद्र कुणा एकाच्या बापाचा नाही आणि मुंबईचाही नाही. जे सर्वांचे असते ते राखण्यासाठी सर्वांना सारखी मोजपट्टी लागते. आणि गंमत अशी की, लहान शेवंड सोडून देण्यासाठी जो संयम लागतो, तोच संयम हवेचा काटा पाहून माघारी फिरायला लागतो. पिशवीत पाच शेवंड आहेत, सहावा समोर कपारीत दिसतो आहे आणि टाकीचा काटा खाली आला आहे, अशा वेळी जो वळतो तो शहाणा. सहावा शेवंड ६ ऑगस्टनंतरही तिथेच असेल. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पाचच शेवंड असले, तरी सर्व माणसे हजर असली म्हणजे हंगाम चांगला गेला असे समजावे.